वाटेतील काटा आणि जमिनीतील सुरुंग

संगणकशास्त्राचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने काही दिवसांपूर्वी मला एक प्रश्न विचारला. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून संगणकावरील युद्धनीतीचा एक खेळ तयार करीत आहेत. खेळात दोन सैन्ये आहेत, नदी व पूल आहेत, शेते आणि वस्त्या आहेत. मित्रांचे म्हणणे असे, की आता खेळात भूसुरुंग आणावेत आणि ते पेरणारे व काढणारे सैनिकी अभियंतेही आणावेत. त्यावाचून खेळाला रंग चढणार नाही. तरुणाच्या वडिलांना हा सारा उद्योगच नापसंत. मित्र विचारतात, "अरे, खेळात मरते कोण?" या दोन मतांच्या कात्रीत सापडलेला तो मला म्हणाला, "चाचा, तलवारी, घोडेस्वार, तोफा हे सर्व मी निःसंकोच घातले. मग सुरुंगापाशीच माझा हात का अडखळला?"

वाचकहो, प्रश्न लहान मुलांच्या खेळाचा म्हणून आपण तो बाजूला सारू शकलो असतो. परंतु हात अडखळणे ही अल्लाहची देणगी असते. ज्या ठिकाणी मनुष्याचे अंतःकरण कारण न कळताही थबकते, तेथे बहुधा एखादे सत्य दडलेले असते. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे. फतवा देणे हे माझे काम नाही. त्यासाठी विद्वान आहेत. आपण केवळ त्यांनीच दाखविलेल्या प्रकाशात विचार करावयाचा आहे.

खेळ आणि त्याच्या मर्यादा

प्रथम वडिलांच्या आक्षेपाचा विचार करू. इस्लाम खेळाचा वैरी नाही. ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोकांनी भाल्यांचे खेळ केले आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ह. आयेशा (रजि.) यांना ते मनसोक्त पाहू दिले, ही घटना हदीससंग्रहांत सुरक्षित आहे. नेमबाजी आणि घोडदौड यांस तर प्रेषितांनी (स.) उत्तेजनच दिले. याउलट बुद्धिबळाविषयी, म्हणजे आपल्याच भूमीत जन्मून इराणमार्गे अरबस्तानात गेलेल्या युद्धनीतीच्या खेळाविषयी, इमामांत मतभेद झाले. हनफी, मालिकी व हंबली विद्वानांनी त्यास सामान्यतः निषिद्ध अथवा निषिद्धासमान मानले. इमाम शाफई (रह.) यांनी, जुगार नसेल तर, त्यास मकरूह म्हटले. मत कोणतेही असो, सर्वांच्या चिंतेची कारणे तीच होती: पैशाची पैज लागू नये, नमाजची वेळ टळू नये, जिभेवर शिवी येऊ नये आणि आयुष्याचे अमूल्य तास मातीत जाऊ नयेत.

या कसोट्या आजच्या संगणकीय खेळांनाही तशाच्या तशा लागू पडतात आणि वडिलांची काळजी येथवर रास्तच आहे. मुलाने ती मनावर घ्यावी. परंतु मुलाचा प्रश्न येथे संपत नाही. तो विचारतो आहे, की तलवार आणि सुरुंग यांत भेद कोणता? मरण दोहोंतही आहे. मग एक मनाला खुपते आणि दुसरे खुपत नाही, असे का?

हात, डोळा आणि जमीन

'सुरुंग' हा शब्द मराठीला जुना आहे. गडाच्या तटाखाली भुयार खणावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि बत्ती द्यावयाची, याला आपले पूर्वज सुरुंग म्हणत. १७०० साली साताऱ्याच्या किल्ल्याला औरंगजेबाच्या फौजेचा वेढा पडला असता असाच सुरुंग उडविण्यात आला आणि तट आतल्या बाजूस पडण्याऐवजी बाहेर कोसळून वेढा घालणारेच त्याखाली गाडले गेले. तो सुरुंगही भयंकर होता. तथापि त्याला बत्ती देणारा एक हात होता. त्या हाताला क्षणभर थांबता येत होते. तह झाला, सफेद निशाण दिसले, तर बत्ती विझविता येत होती.

आजच्या भूसुरुंगाला तसा हात नाही. त्याची बत्ती बळी स्वतःच्या पावलाने लावतो. १९९७ साली कॅनडातील ओटावा येथे ज्या करारावर राष्ट्रांनी सह्या केल्या आणि जो १ मार्च १९९९ पासून अंमलात आला, त्या करारात मनुष्यघातक सुरुंगाची व्याख्या नेमकी याच गोष्टीवर उभी आहे: मनुष्याच्या उपस्थितीने, जवळ येण्याने वा स्पर्शाने जो फुटतो तो. पाहणाऱ्या सैनिकाने स्वतः कळ दाबून उडविलेला स्फोट त्या व्याख्येत येत नाही. कायदा करणाऱ्यांनाही जो भेद महत्त्वाचा वाटला, तोच या तरुणाच्या हाताला जाणवला होता. तलवारीमागे हात असतो, हातामागे डोळा असतो आणि डोळ्यामागे अल्लाहला उत्तर देणारे अंतःकरण असते. सुरुंगामागे काहीच नसते. तेथे फक्त जमीन असते आणि वाट पाहणे असते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते पाहा. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तमधील अल-अलामैन येथे जर्मन व इटालियन सैन्याने सुमारे पाच लाख सुरुंग वाळूत पेरले होते. त्या पट्ट्यांना 'सैतानाचे बगीचे' असे नाव पडले. युद्ध संपले, सेनापती स्वर्गवासी वा नरकवासी काय व्हावयाचे ते झाले, ज्या राष्ट्रांत वैर होते त्यांची मैत्री झाली. परंतु त्या वाळवंटात मेंढ्या चारणारे बदू अरब पुढील कित्येक दशके आपले हातपाय गमावीत राहिले. ज्यांचा त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता आणि जे त्या वेळी जन्मलेही नव्हते, त्यांच्यावर ते युद्ध चालूच राहिले. अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्याने हेलिकॉप्टरमधून जे लहान हिरवे सुरुंग टाकले, त्यांचा आकार फुलपाखराच्या पंखांसारखा होता. मुले ते खेळणे समजून उचलीत. ते सैन्य १९८९ साली परत गेले. सुरुंग गेले नाहीत.

जे शस्त्र आज्ञा पाळू शकत नाही

आता इस्लामी शिकवणीकडे वळू. इस्लामने युद्धाला परवानगी दिली आहे, हे आपण लपवून ठेवत नाही. परंतु ती परवानगी अटींनी बांधलेली आहे. सूरह अल-बकराच्या १९० व्या आयतीचा आशय असा, की जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका; अल्लाहला मर्यादा ओलांडणारे आवडत नाहीत. एका मोहिमेत एक स्त्री मारली गेलेली आढळली, तेव्हा प्रेषितांना (स.) ते अत्यंत अप्रिय वाटले, ती तर लढणारी नव्हती, असे त्यांनी म्हटले आणि स्त्रिया व मुले यांच्या हत्येस मनाई केली. पहिले खलीफा ह. अबू बकर (रजि.) यांनी शामदेशाकडे सैन्य पाठविताना सेनापतीला जी ताकीद दिली ती प्रसिद्ध आहे. स्त्री, बालक व वृद्ध यांना मारू नये, फळझाडे तोडू नयेत, वस्ती उजाड करू नये, खाण्याच्या गरजेवाचून शेळी वा उंट कापू नये.

या आज्ञा कोणासाठी आहेत, याचा विचार करा. आज्ञा त्यालाच देता येते, जो ऐकू शकतो, ओळखू शकतो आणि थांबू शकतो. स्त्रीला मारू नका, हे तलवारधारी ऐकेल. तो कदाचित ऐकणार नाही. मग तो अपराधी ठरेल आणि न्यायनिवाड्याच्या दिवशी उत्तर देईल. परंतु सुरुंगाला हे सांगावे कसे? त्याच्या लेखी सैनिकाचे पाऊल, पाणी भरावयास निघालेल्या मुलीचे पाऊल आणि शेळीचा खूर सारखेच. सूरह अल-अन्फालच्या ६१ व्या आयतीत असे मार्गदर्शन आहे, की शत्रू तहाकडे झुकला तर तुम्हीही झुका. सुरुंगाला तहाची बातमी कधीच कळत नाही. ज्या हत्याराला अल्लाहची एकही आज्ञा पाळता येत नाही, ते हत्यार पेरणारा मनुष्य स्वतःचे आज्ञापालनच जमिनीत गाडून निघून जातो, असे मला वाटते.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळणे योग्य नव्हे. कोणी म्हणेल, "दुर्बळ राष्ट्राच्या सीमेवर बलाढ्य शत्रू उभा असेल तर त्याने काय करावे? नकाशे ठेवून, कुंपण घालून, पाट्या लावून सुरुंग पेरले तर? आणि जुन्या काळी दगड फेकणारे मंजनीक यंत्र होते, ते तरी कोठे माणूस ओळखत होते?" हा युक्तिवाद पोकळ नाही. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया आणि अमेरिका यांनी ओटावा करार स्वीकारलेला नाही; युक्रेनमधील युद्धानंतर २०२५ मध्ये बाल्टिक राष्ट्रे, फिनलंड व पोलंड यांनी त्यातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. भीती खरी असते आणि भयभीत माणसाला लांबून उपदेश करणे सोपे असते.

तरीही दोन गोष्टी सांगाव्या लागतील. मंजनीक चालविणारा माणूस तेथेच उभा असे. लढाई थांबली की यंत्रही थांबे. आणि त्याच्या वापरास आमच्या फुकहांनी गरजेच्या मर्यादेत बांधले, कारण गरजेपुरतीच सूट हा शरीअतचा सर्वमान्य नियम आहे. सुरुंग मात्र गरज संपल्यावरही संपत नाही. राहिली गोष्ट नकाशांची आणि पाट्यांची. बोस्नियातील युद्ध १९९५ साली संपले. मे २०१४ मध्ये तेथे महापूर आला, डोंगर खचले आणि सुरुंग आपल्या जागा सोडून मातीबरोबर सरकले. धोक्याच्या पाट्याही वाहून गेल्या. माणसाने केलेल्या नोंदी जमिनीने मानल्या नाहीत. जमीन अल्लाहची आहे; ती आमच्या कागदावर चालत नाही.

खंदकाचा धडा

आता तरुणाच्या प्रश्नातील दुसरा शब्द घेऊ: सैनिकी अभियंता. हा शब्द ऐकताच सीरतच्या वाचकाला हिजरी सन ५ मधील मदीना आठवावयास हवी. सर्व बाजूंनी टोळ्या एकत्र येऊन चालून येत होत्या. तेव्हा इराणहून आलेले ह. सलमान फारसी (रजि.) यांनी खंदकाची कल्पना मांडली. अरबांना ती नवीन होती. प्रेषितांनी (स.) ती स्वीकारली, इतकेच नव्हे, तर स्वतः हातात कुदळ घेतली, पाठीवर माती वाहिली, भुकेने पोटाला दगड बांधलेल्या सहाबांबरोबर (रजि.) थंडीत काम केले. इस्लामच्या इतिहासातील हे सर्वांत प्रसिद्ध सैनिकी बांधकाम होय आणि त्याचे मजूर स्वतः अल्लाहचे प्रेषित (स.) होते.

खंदक आणि सुरुंग शेजारी ठेवून पाहा. दोन्ही जमिनीत खणले जातात. दोन्ही शत्रूला रोखण्यासाठी असतात. परंतु खंदक उघडा असतो. तो दुरूनच सांगतो, येथून पुढे येऊ नका. त्याचा हेतू अडविण्याचा असतो, फसविण्याचा नसतो. मूल त्याच्या काठावरून मागे फिरू शकते. युद्ध संपले की तो बुजविता येतो. न बुजविला तरी तो दबा धरून बसत नाही. एवढे बलाढ्य सैन्य त्या खंदकापुढे आठवडेच्या आठवडे अडले आणि अखेर वादळात उठून निघून गेले. मनुष्यहानी दोन्ही बाजूंची अगदी थोडी झाली. संरक्षण आणि घात यांतील सीमारेषा याहून स्पष्ट कशी दाखवावी?

झोपलेल्या माणसाचा अपराध

"पण मी तेथे नव्हतोच," असे सुरुंग पेरणारा म्हणू शकतो. या सबबीचा विचार फिक्हच्या ग्रंथांनी शतकांपूर्वीच केला आहे. रहदारीच्या वाटेवर कोणी हक्कावाचून विहीर किंवा खड्डा खणला आणि त्यात पडून कोणी मेला, तर खणणारा त्या वेळी घरी गाढ झोपलेला असला तरी रक्तमूल्याचे दायित्व त्याच्या बाजूकडे येते. हनफी फुकहांनी यास 'कारणामुळे घडलेली हत्या' असा स्वतंत्र प्रकारच मानला आहे. स्वतःच्या जमिनीत खणणाऱ्यास सामान्यतः सूट आहे. परंतु शाफई ग्रंथांत एक सूक्ष्म उदाहरण येते: एखाद्याने आपल्याच घराच्या देवडीत विहीर खणली, पाहुण्याला आत बोलाविले आणि न सांगितल्याने तो तीत पडला, तर अधिक प्रबळ मतानुसार यजमान जबाबदार ठरतो. मालकी त्याचीच, पण धोका लपविलेला होता.

वाचकहो, हे वाचताना दूरच्या वाळवंटांकडेच पाहू नका. आपल्या विदर्भात, कोकणात, घाटमाथ्यावर रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी शेताच्या कुंपणात वीजप्रवाह सोडला जातो. कोठे आमिषात गावठी बॉम्ब लपवून ठेवतात. आणि वेळोवेळी बातमी येते, की पहाटे पाणी धरावयास गेलेला शेजारी तारेला चिकटून गेला, की चरावयास सोडलेल्या गाईचा जबडा फाटला. तार लावणारा म्हणतो, "मी तर डुकरासाठी लावली होती." त्याच्या पिकाचे नुकसान खरे असते, त्याचे कर्जही खरे असते, त्याची दया यावी असेच ते दुःख आहे. परंतु अंधारात न दिसणारी तार आणि देवडीतील न सांगितलेली विहीर यांत अंतर ते किती? तारेला डुक्कर व शेजारी ओळखता येत नाहीत, हे तार लावणाऱ्यास ठाऊक होते. ओळखण्याची जबाबदारी ज्याने निर्जीव वस्तूवर सोपविली, त्याच्याकडे ती आखिरतमध्ये परत येईल, अशी भीती बाळगणेच श्रेयस्कर.

सूरह यासीनच्या १२ व्या आयतीत अल्लाहने जो इशारा दिला आहे त्याचा आशय असा, की मनुष्य जे पुढे पाठवितो तेही लिहिले जाते आणि जे मागे ठेवून जातो त्या खुणाही लिहिल्या जातात. आपण सदका-ए-जारियाविषयी ऐकतो: विहीर खोदली, झाड लावले, तर मरणानंतरही पुण्य चालू राहते. याच नियमाची दुसरी बाजू आपण फारशी आठवत नाही. पेरून ठेवलेला सुरुंग हे कबरीत पडलेल्या माणसाच्या खात्यावर चालू राहिलेले पाप आहे.

काटा दूर करणारे हात

प्रेषितांनी (स.) ईमानच्या अनेक शाखा सांगितल्या. त्यांतील सर्वोच्च शाखा एकेश्वरत्वाची साक्ष, आणि सर्वांत खालची शाखा म्हणजे वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे. एका माणसाने रस्त्यावरील काटेरी फांदी बाजूला केली, तर अल्लाहने त्याची कदर करून त्यास क्षमा केली, हेही त्यांनी सांगितले. या हदीस आपण मुलांना शिकवितो तेव्हा केळीची साल, काचेचा तुकडा, दगड यांची उदाहरणे देतो. आता सुरुंगाची कल्पना करा. तो मनुष्याने मुद्दाम वाटेत पेरलेला, न दिसणारा, प्राण घेणारा काटा आहे. तो पेरणे हे ईमानच्या त्या शाखेचे नेमके उलटे कृत्य आहे, आणि तो काढणे हे त्याच शाखेचे महान रूप आहे.

म्हणून सैनिकी अभियंत्याची एक दुसरी ओळखही आपल्यासमोर असावी. पुण्याजवळ खडकीला ज्यांचे केंद्र आहे, त्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्रसिंग भगत १९४१ च्या प्रारंभी अबिसीनियाच्या मोहिमेत होते. माघार घेणाऱ्या शत्रूने रस्ताभर सुरुंग पेरले होते. भगत यांनी चार दिवस, पहाटेपासून सायंकाळपर्यंत, सुमारे ८८ किलोमीटर रस्त्यावरील १५ सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. दोन वेळा त्यांचे वाहन सुरुंगावर उडाले, सोबतचे लोक गमावले, तरी ते थांबले नाहीत. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो कोणाला मारल्याबद्दल नव्हे, तर वाट मोकळी केल्याबद्दल. अफगाणिस्तानात, बोस्नियात, कंबोडियात आजही माणसे गुडघ्यांवर बसून हातभर जमीन एका वेळी तपासत पुढे सरकतात. एक सुरुंग पेरावयास काही क्षण पुरतात. तो काढावयास दिवस लागतो आणि कधी प्राणही द्यावा लागतो. आणि ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी १९६८ साली जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी घडविलेला 'जयपूर फूट' अफगाणिस्तानापर्यंत पोहोचला. एका हाताने केलेले नुकसान किती हातांनी भरून काढावे लागते!

मग खेळाचे काय?

आता मी त्या तरुणाकडे परत येतो. खेळात सुरुंग ठेवल्याने कोणी मरत नाही, हे मित्रांचे म्हणणे खरे आहे. आणि एखादा खेळ खेळून मूल हत्यारा बनते, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. कर्मांचे मूल्य नियतवर ठरते, आणि पडद्यावरील ठिपक्यांना रक्त नसते. तथापि थट्टेतसुद्धा भावाच्या दिशेने हत्यार रोखू नका, बाजारातून वा मस्जिदीतून बाण नेताना त्यांची टोके हातात धरा, म्हणजे कोणास इजा होणार नाही, अशी ताकीद ज्या प्रेषितांनी (स.) दिली, त्यांच्या अनुयायांनी खेळातसुद्धा हत्याराविषयी बेफिकीर असू नये. खेळाचा धोका रक्तात नाही, खोटेपणात आहे.

खोटेपणा तो कोणता? खेळात डाव संपला की सुरुंग नाहीसे होतात. नवा डाव, स्वच्छ जमीन. विजेत्याच्या खात्यावर गुण जमा. प्रत्यक्षात याच्या नेमके उलटे घडते: डाव संपतो आणि सुरुंग तेवढे उरतात. मुलाच्या मनावर खेळाचा जो नियम वर्षानुवर्षे बिंबतो, तो त्याच्या नकळत त्याला शिकवितो, की परिणाम हे डावापुरतेच असतात. आखिरतवर श्रद्धा ठेवणाऱ्या घरात याहून विसंगत शिकवण कोणती असेल? आमची तर सारी श्रद्धाच ही, की डाव संपल्यावर हिशेब सुरू होतो.

खेळ घडविणाऱ्यांपैकी काहींना हे उमगले आहे. सुरुंग शोधण्याचा तो जुना चौकोनांचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी कार्यालयातील संगणकावर खेळला असेल. त्याच्यावर सुरुंगग्रस्तांच्या बाजूने आक्षेप घेतला गेला आणि पुढे विंडोज व्हिस्टामध्ये सुरुंगांऐवजी फुले निवडण्याची सोय देण्यात आली. २०१७ साली 'आर्मा ३' या युद्धखेळात एक भाग जोडण्यात आला. त्यात खेळणारा सैनिक नसून युद्धानंतर गावातील स्फोटके काढणारा मदतकर्मी असतो, आणि ती स्फोटके कोणी, का पेरली हे त्याला एकेक करून कळत जाते. त्याच्या उत्पन्नाचा भाग आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीला देण्यात आला. फुलांनी प्रश्न झाकला गेला, दुसऱ्या मार्गाने तो उघडा केला गेला. मला दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो.

म्हणून मी त्या तरुणाला असे सुचविले. सुरुंग नकोच वाटत असतील तर ते घालू नकोस. खंदक घाल, तट घाल, पूल बांधणारे अभियंते घाल. ह. सलमान (रजि.) यांची बुद्धी तुझ्या खेळाला कमी पडणार नाही. पण मित्रांचा आग्रह मोडवत नसेल, तर सुरुंग खरे तरी दाखव. पेरलेला सुरुंग पेरणाऱ्याच्या सैनिकालाही लागू दे. तुझ्या नकाशात शेते आहेत, तर शेतकरीही असू दे. तह झाल्यावर खेळ संपवू नकोस. जमीन शेतकऱ्याला परत करावयाची आहे, आणि तोवर विजय मोजला जाणार नाही, असा नियम कर. अभियंत्याचे मोठे काम पेरण्याचे नव्हे तर काढण्याचे ठेव. ज्याने पन्नास सुरुंग पेरून लढाई जिंकली त्याला ते पन्नास काढताना कळू दे, की तो काय करून बसला होता.

तो म्हणाला, "चाचा, असा खेळ कोणाला आवडणार? लोक कंटाळतील." कदाचित कंटाळतील. परंतु कंटाळूनही एखादा मुलगा पुढच्या डावात सुरुंगाऐवजी खंदक निवडील, आणि का निवडला हे त्याला स्वतःला सांगता येईल. एवढे घडले तरी चार मित्रांचे श्रम वाया गेले असे म्हणता येणार नाही.

आता पालकांना विनंती. मुलाच्या हातातील खेळ हिसकावून घेणे सोपे आहे, त्याच्याजवळ बसून, "बेटा, हा सुरुंग डाव संपल्यावर कोठे जातो?" असे विचारणे कठीण आहे. पण तोच प्रश्न त्याच्या कामी येईल. आणि तो विचारताना स्वतःलाही विचारा. खातरजमा न करता पुढे पाठविलेली एक अफवा, नात्यात पेरून ठेवलेला एक संशय, मरताना मागे ठेवलेला वाटणीचा अस्पष्ट कागद, शेताच्या बांधावरील ती तार: यांपैकी काय आपण जमिनीत पुरून निघून आलो आहोत, जे आपल्या पश्चात एखाद्या निरपराधाच्या पावलाची वाट पाहत आहे? हयातीत ते उकरून काढण्याची मुभा आहे. त्यालाच तौबा म्हणतात, आणि तौबा म्हणजे केवळ जिभेने क्षमा मागणे नव्हे, तर पेरलेले काढणेही होय.

अल्लाह आम्हाला वाटेत काटे पेरणाऱ्यांत नव्हे, तर ते दूर करणाऱ्यांत सामील करो. आणि आमच्या मागे राहणाऱ्या खुणा आमच्या लेकरांसाठी सुरक्षित वाटा ठरोत. आमीन.